पेरॉनविरोधाचा इतिहास : लोकानुनयी नेतृत्वाचा प्रतिकार आणि त्याच्या मर्यादा (अर्जेंटिना, १९४५ ते १९८३)

प्रस्तावना

विसाव्या शतकातील लोकानुनयी राजकारणाचा अभ्यास करताना अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन दोमिंगो पेरॉन यांचे नाव टाळता येत नाही. १९४६, १९५१ आणि १९७३ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. त्यांच्यावर, त्यांच्या पत्नी एव्हा पेरॉन यांच्यावर आणि त्यांच्या चळवळीवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने पेरॉन यांना विरोध करणाऱ्यांचा इतिहास बहुधा तळटिपेसारखा येतो. वास्तविक हा विरोध एकजिनसी नव्हता. त्यात संसदेत एकाकी झुंज देणारे लोकप्रतिनिधी होते, नोकरी गमावलेले लेखक व प्राध्यापक होते, तसेच स्वतःच्याच राजधानीवर बॉम्ब टाकणारे नौदलाचे वैमानिकही होते. या सर्वांना ‘पेरॉनविरोधक’ या एकाच नावाने ओळखले गेले, हीच त्या विरोधाची मोठी शोकांतिका ठरली.

लोकप्रिय नेत्याच्या एकाधिकारशाहीस विरोध करणे आवश्यक असले, तरी तो विरोध कोणत्या मार्गाने केला जातो यावर त्याचे यशापयश अवलंबून असते, हे या इतिहासातून दिसून येते. १९४५ ते १९८३ या काळातील पेरॉनविरोधाचे टप्पे, त्यांतील भिन्न प्रवाह आणि त्यांचे परिणाम यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी : लोकशाहीचा गमावलेला अधिकार

पेरॉन यांचा उदय हा पोकळीतून झालेला चमत्कार नव्हता. १९१२ च्या साएन्झ पेन्या कायद्याने अर्जेंटिनातील पुरुष नागरिकांना गुप्त व सक्तीच्या मतदानाचा हक्क मिळाला आणि त्याचा लाभ होऊन १९१६ मध्ये रॅडिकल पक्षाचे इपोलितो इरिगोयेन राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु ६ सप्टेंबर १९३० रोजी लष्कराने इरिगोयेन यांना पदच्युत केले. त्यानंतर काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने या लष्करी सरकारला प्रत्यक्ष सत्ताधारी म्हणून मान्यता दिली. पुढील दशकात जमीनदार वर्गाच्या पाठिंब्यावरील सरकारांनी निवडणुकांत उघडपणे गैरप्रकार केले आणि त्यांना ‘देशभक्तीपर लबाडी’ असे गोंडस नाव दिले. अर्जेंटिनाच्या इतिहासात हा काळ ‘बदनाम दशक’ म्हणून ओळखला जातो.

याच काळात ग्रामीण भागातून कारखान्यांकडे आलेल्या मजुरांनी ब्युनोस आयर्सची उपनगरे भरून गेली. या नव्या कामगारवर्गाला संसद, न्यायालये किंवा वृत्तपत्रे आपली वाटावीत असे काहीच घडलेले नव्हते. ४ जून १९४३ च्या लष्करी बंडानंतर कर्नल पेरॉन यांनी दुय्यम समजले जाणारे श्रम खाते स्वतःकडे घेतले. कामगार संघटनांशी करार, निवृत्तिवेतनाचा विस्तार, १९४४ चा शेतमजूर कायदा, भरपगारी रजा आणि १९४५ च्या अखेरीस तेराव्या पगाराची सक्ती असे निर्णय एकामागून एक झाले. यांपैकी काही मागण्या समाजवादी पक्षाने कित्येक वर्षे मांडलेल्या होत्या, मात्र त्यांची अंमलबजावणी पेरॉन यांच्या हातून झाली. पुढील सर्व विरोधाचे मूल्यमापन करताना हे सत्य दृष्टिआड करता येत नाही.

विरोधाची पहिली आघाडी : १९४५-४६

१९ सप्टेंबर १९४५ रोजी ब्युनोस आयर्समध्ये ‘संविधान आणि स्वातंत्र्य’ या घोषणेखाली प्रचंड मोर्चा निघाला. त्यात रॅडिकल, समाजवादी, साम्यवादी, पुराणमतवादी, विद्यार्थी, वकील आणि उद्योजक असे परस्परांहून भिन्न लोक होते. लष्करी राजवट संपवून सर्वोच्च न्यायालयाकडे सत्ता सोपवावी, ही त्यांची मागणी होती. ज्या न्यायालयाने १९३० व १९४३ च्या बंडांना मान्यता दिली, त्याच्याच हाती लोकशाहीची किल्ली द्यावी या मागणीतील विसंगती त्या वेळी फारशी कोणास जाणवली नाही.

९ ऑक्टोबर रोजी लष्करातील विरोधकांनी पेरॉन यांना राजीनामा देण्यास भाग पाडले आणि नंतर त्यांना मार्तिन गार्सिया बेटावर स्थानबद्ध केले. काही कारखानदारांनी तर कामगारांना मिळालेले लाभ आता संपले असे समजून वागण्यास सुरुवात केली. १७ ऑक्टोबर रोजी उपनगरांतील कामगार पायी चालत राजधानीत आले आणि प्लाझा दे मायो या मुख्य चौकात ठाण मांडून बसले. त्या रात्री पेरॉन यांना सोडून द्यावे लागले. उच्चभ्रू वृत्तपत्रांनी या जमावाची ‘बिनसदऱ्याचे’ अशी हेटाळणी केली. पेरॉन यांनी तोच शब्द उचलून त्याचे बिरुद बनवले.

२४ फेब्रुवारी १९४६ च्या निवडणुकीसाठी रॅडिकल, समाजवादी, साम्यवादी व प्रगतिशील डेमोक्रॅट यांनी ‘लोकशाही संघ’ स्थापन करून होसे ताम्बोरिनी यांना उमेदवारी दिली. या आघाडीने दोन गंभीर चुका केल्या. पहिली चूक म्हणजे तेराव्या पगाराच्या विरोधात टाळेबंदी करणाऱ्या उद्योजकांच्या पंक्तीत ती जाऊन बसली. दुसरी चूक म्हणजे अमेरिकेचे माजी राजदूत स्प्रूइल ब्रेडन यांच्या उघड हस्तक्षेपापासून तिने स्वतःला दूर ठेवले नाही. मतदानाच्या तोंडावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नाझी संबंधांविषयी ‘निळे पुस्तक’ प्रसिद्ध केले. पेरॉन यांनी निवडणुकीचा सारा प्रश्न ‘ब्रेडन की पेरॉन’ एवढ्यावर आणून ठेवला. विरोधकांपाशी बहुतेक सर्व पक्ष, प्रमुख वृत्तपत्रे आणि विद्यापीठे होती. तरीही मतदानात पेरॉन यांना ५२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. ही निवडणूक निर्दोष झाल्याचे विरोधकांनीही मान्य केले होते.

सनदशीर विरोध : ४४ जणांचा गट

निवडून आलेल्या सरकारने सत्तेवर येताच लोकशाहीच्या चौकटी एकेक करून आकुंचित करण्यास प्रारंभ केला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांवर महाभियोग चालवण्यात आला. त्यांनी पूर्वीच्या लष्करी राजवटींना मान्यता दिली, हा त्यांच्यावरील एक आरोप होता. त्यांपैकी एका राजवटीतूनच पेरॉन स्वतः पुढे आले होते. समाजवादी नेते आल्फ्रेदो पालासिओस न्यायाधीशांच्या बचावासाठी उभे राहिले, परंतु १९४७ पर्यंत न्यायालय सरकारला अनुकूल झाले.

अशा स्थितीत प्रतिनिधीगृहातील ४४ रॅडिकल सदस्यांनी केलेले कार्य विशेष उल्लेखनीय आहे. रिकार्दो बाल्बिन त्यांचे नेते आणि आर्तुरो फ्रोंदिझी उपनेते होते. या गटाने सामाजिक सुधारणांना सरसकट विरोध केला नाही. सुधारणा हव्यात, पण त्या नेत्याच्या कृपेने नव्हे तर कायद्याच्या बळावर मिळाव्यात, अशी त्यांची भूमिका होती. कामगाराला हक्क देणाऱ्या राजवटीनेच त्याची संघटना सरकारच्या दावणीला बांधली, हा त्यांचा मुद्दा आजही महत्त्वाचा वाटतो. १९४९ च्या संविधान सभेत राष्ट्राध्यक्षाच्या लागोपाठ फेरनिवडीची तरतूद येऊ घातली, तेव्हा मोइसेस लेबेनसोन यांच्या नेतृत्वाखाली रॅडिकल सदस्यांनी सभात्याग केला. संविधान एका व्यक्तीच्या मापाने शिवले जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

या विरोधाची किंमत मोठी होती. सत्ताधाऱ्यांचा अवमान हा गुन्हा मानणाऱ्या तरतुदी कठोर करण्यात आल्या. बाल्बिन यांना १९४९ मध्ये सभागृहातून काढून टाकण्यात आले आणि १९५० मध्ये त्यांची तुरुंगात रवानगी झाली. तथापि याच गटातील एर्नेस्तो साम्मार्तिनो यांनी १९४७ मध्ये सभागृहात बोलताना पेरॉन यांच्या मतदारांना ‘प्राण्यांचा लोंढा’ असे संबोधले. पुढील वर्षी त्यांचेही सदस्यत्व रद्द झाले. सदस्यत्व रद्द करणे अन्यायकारक होते, यात शंका नाही. पण ते दोन शब्द संसदेच्या भिंतींबाहेर पोहोचले आणि अर्जेंटिनाच्या सामूहिक स्मृतीत कायमचे राहिले. नेत्यावरील टीका आणि त्याच्या अनुयायांविषयीचा तिरस्कार यांतील सीमारेषा पुसली गेली, की टीकेचा सारा लाभ त्या नेत्यालाच होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

लेखणी, विद्यापीठ आणि वृत्तपत्र

वृत्तपत्रांवरील दडपण क्रमाक्रमाने वाढत गेले. समाजवादी पक्षाचे ‘ला व्हान्ग्वार्दिया’ १९४७ मध्ये बंद पाडण्यात आले. ‘ला प्रेन्सा’ या ख्यातनाम दैनिकाचे प्रकाशन जानेवारी १९५१ मध्ये थांबले, त्याच वर्षी ते सरकारने ताब्यात घेतले आणि कामगार महासंघाच्या स्वाधीन केले. वृत्तपत्री कागदाच्या वाटपावर नियंत्रण असल्याने इतरांना वेगळी धमकी देण्याची गरजच राहिली नाही. रेडिओ विरोधकांसाठी जवळजवळ बंद होता.

विद्यापीठांचीही हीच गत झाली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नार्दो औसाय यांना लोकशाही पुनःस्थापनेची मागणी करणाऱ्या निवेदनावर सही केल्याबद्दल १९४३ मध्ये पदावरून दूर करण्यात आले होते. पुन्हा रुजू झाल्यानंतर १९४६ मध्ये त्यांना परत जावे लागले. १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्या वेळी ते खाजगी निधीवर चालणाऱ्या संस्थेत संशोधन करीत होते. होर्हे लुईस बोर्हेस हे एका महापालिका ग्रंथालयात साधे कर्मचारी होते. १९४६ मध्ये त्यांना बाजारातील कोंबड्या व सशांचे निरीक्षक म्हणून ‘बढती’ देण्यात आली. त्यातील उपहास ओळखून त्यांनी राजीनामा दिला.

व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे नाव भारतीय वाचकांना रवींद्रनाथ ठाकुरांमुळे परिचित आहे. १९२४ मध्ये ब्युनोस आयर्स येथे आजारी पडलेल्या रवींद्रनाथांची व्यवस्था त्यांनीच केली होती आणि ‘पूरबी’ हा काव्यसंग्रह रवींद्रनाथांनी ‘विजया’ या नावाने त्यांना अर्पण केला. ‘सुर’ या साहित्यविषयक नियतकालिकाच्या संस्थापक असलेल्या ओकाम्पो यांना मे १९५३ मध्ये अटक झाली आणि सुमारे २६ दिवस त्या तुरुंगात होत्या. चिलीच्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांच्यासह अनेक देशांतील साहित्यिकांनी त्यांच्या सुटकेसाठी प्रयत्न केले.

या लेखक-विचारवंतांचे धैर्य निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या लेखनातून पेरॉन यांचा अनुयायी बहुधा फसवला गेलेला, विकत घेतलेला किंवा भारावलेला जमाव म्हणूनच दिसतो. १९४७ च्या कायद्याने स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला आणि ११ नोव्हेंबर १९५१ रोजी त्यांनी प्रथमच राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान केले. त्या निवडणुकीत पेरॉन यांना सुमारे ६२ टक्के मते मिळाली. प्रचाराची साधने विषम होती, हे खरे असले तरी एवढ्या मोठ्या मतसंख्येचे स्पष्टीकरण केवळ दडपशाहीने होत नाही.

शस्त्रांचा मार्ग : १९५१ ते १९५५

मतपेटीतून बदल अशक्य आहे, अशी भावना बळावत गेली तसतसा विरोधकांतील एक गट लष्कराकडे वळला. सप्टेंबर १९५१ मधील जनरल मेनेन्देझ यांचे बंड फसले. १५ एप्रिल १९५३ रोजी प्लाझा दे मायो येथे पेरॉन यांची सभा चालू असताना बॉम्बस्फोट झाले व श्रोत्यांपैकी काही जण मरण पावले. त्याच रात्री पेरॉनसमर्थक जमावाने समाजवादी पक्षाचे मुख्यालय व जॉकी क्लब जाळला. समाजवाद्यांचे कामगारांसाठी उभारलेले ग्रंथालय त्या आगीत भस्मसात झाले. हिंसेला हिंसेचे उत्तर देण्याची ही साखळी पुढे तुटली नाही.

१९५४ च्या अखेरीस घटस्फोटाच्या कायद्यावरून व अन्य कारणांवरून कॅथलिक चर्चशी संघर्ष झाला आणि विरोधकांना नवा आधार मिळाला. १६ जून १९५५ रोजी नौदलाच्या विमानांनी पेरॉन यांना ठार करण्याच्या उद्देशाने भर दुपारी प्लाझा दे मायोवर बॉम्बवर्षाव केला. पेरॉन बचावले. तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत कामावर निघालेले, बस-ट्रॉलीतून जाणारे सामान्य नागरिक मोठ्या संख्येने होते. त्या रात्री राजधानीतील चर्चना आगी लावण्यात आल्या.

यानंतर काही आठवडे समेटाची शक्यता निर्माण झाली होती. २७ जुलै रोजी फ्रोंदिझी यांना रेडिओवरून बोलण्याची मुभा मिळाली. पण ३१ ऑगस्टच्या भाषणात पेरॉन यांनी आपला एक माणूस पडला तर त्यांचे पाच पडतील, अशा आशयाची धमकी दिली आणि सलोख्याचे दार बंद केले. १६ सप्टेंबर रोजी कोर्दोबा येथे जनरल एदुआर्दो लोनार्दी यांनी उठाव केला आणि आठवड्याभरात पेरॉन यांची सत्ता संपुष्टात आली.

याच काळातील एक प्रसंग कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांनी १९५६ मध्ये नोंदवला आहे. साबातो स्वतः पेरॉनविरोधक होते. राजवट कोसळल्याची वार्ता आली तेव्हा ते उत्तरेकडील साल्ता येथे एका घरी होते. दिवाणखान्यात डॉक्टर, जमीनदार व लेखक जल्लोष करीत होते आणि त्याच वेळी स्वयंपाकघराजवळ काम करणाऱ्या दोन मूलनिवासी स्त्रियांचे डोळे पाण्याने भरलेले त्यांना दिसले. देशातील लक्षावधी दुर्बलांच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, हा प्रश्न त्यांना पडला. पेरॉनविरोधाच्या दीर्घ इतिहासात इतके प्रांजळ आत्मपरीक्षण क्वचितच आढळते.

नावावर बंदी : १९५५ ते १९७३

‘कोणी विजेते नाहीत, कोणी पराभूत नाहीत’ अशी लोनार्दी यांची घोषणा होती. दोन महिन्यांच्या आत त्यांना हटवून जनरल पेद्रो आरांबुरू सत्तेवर आले. ५ मार्च १९५६ च्या ४१६१ क्रमांकाच्या आदेशाने पेरॉन व त्यांच्या पत्नीचे नाव, छायाचित्र, पक्षाची चिन्हे, घोषणा व गीते यांवर बंदी घालण्यात आली आणि भंग करणाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा ठरवण्यात आली. वृत्तपत्रे पेरॉन यांचा उल्लेख ‘पळपुटा जुलमी’ अशा शब्दांनी करू लागली. १९४९ चे संविधान एका घोषणेने रद्द झाले. १९५२ मध्ये निधन पावलेल्या एव्हा पेरॉन यांचे जतन केलेले पार्थिव कामगार महासंघाच्या इमारतीतून गुप्तपणे हलवून पुढे इटलीतील मिलान येथे खोट्या नावाने पुरण्यात आले. १९७१ पर्यंत त्याचा ठावठिकाणा गुप्त ठेवण्यात आला. जून १९५६ मध्ये जनरल व्हाये यांचे पेरॉनवादी बंड फसल्यावर त्यांच्यासह अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. होसे लेओन सुआरेझ येथील उकिरड्यावर काही नागरिकांनाही न्यायालयीन चौकशीशिवाय मारण्यात आले. त्या वेळी पेरॉनवादी नसलेले पत्रकार रोदोल्फो वॉल्श यांनी या हत्याकांडाचा शोध घेऊन १९५७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

या धोरणाचा परिणाम नेमका उलटा झाला. ज्या पेरॉन यांच्या कारभारावर १९५५ पर्यंत त्यांच्याच गोटात असंतोष वाढत होता, ते आता बंदीमुळे अन्यायग्रस्त ठरले. कारखान्यांत काम मंदावणे, भिंतींवर रात्रीतून घोषणा लिहिणे, घरात फोटो लपवून ठेवणे असे प्रतिकाराचे प्रकार रुजले. ‘प्रतिकार’ हा शब्द १९५५ पूर्वी विरोधकांचा होता. अर्जेंटिनाच्या इतिहासलेखनात तो आता १९५५ नंतरच्या पेरॉनवाद्यांसाठी रूढ झाला आहे. शब्दाचे हे हस्तांतर विरोधकांच्या नैतिक पराभवाचे द्योतक आहे.

निवडणुकांनी हेच सिद्ध केले. जुलै १९५७ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत पेरॉन यांच्या आदेशानुसार टाकलेल्या कोऱ्या मतपत्रिका सुमारे २४ टक्के होत्या आणि त्या कोणत्याही पक्षाच्या मतांपेक्षा अधिक भरल्या. १९५८ मध्ये फ्रोंदिझी पेरॉन यांच्याच पाठिंब्याने निवडून आले. मार्च १९६२ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतात पेरॉनवादी उमेदवार विजयी होताच तो निकाल रद्द करण्यात आला आणि फ्रोंदिझी यांनाही लष्कराने घालवले. १९६३ मध्ये आर्तुरो इलिया सुमारे २५ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. ते सचोटीचे गृहस्थ होते, परंतु मोठ्या मतदारवर्गाला वगळून झालेल्या निवडणुकीने त्यांना पुरेसे अधिष्ठान दिले नाही व १९६६ मध्ये लष्कराने त्यांनाही पदच्युत केले. एका माणसाला रोखण्यासाठी सर्वांचीच लोकशाही गहाण पडली.

सलोखा, दहशत आणि १९८३ चा धडा

नोव्हेंबर १९७२ मध्ये पेरॉन काही काळासाठी मायदेशी परतले, तेव्हा त्यांना भेटण्यासाठी बाल्बिन घराच्या मागील बाजूचे कुंपण ओलांडून गेले, कारण पुढील दारी गर्दी होती. ज्याने आपल्याला तुरुंगात टाकले त्याला आलिंगन देणाऱ्या या नेत्याने १९७४ मध्ये पेरॉन यांच्या अंत्यविधीप्रसंगी जुना विरोधक एका मित्राला निरोप देत आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. हा सलोखा थोर होता, पण उशिरा आला. सप्टेंबर १९७३ मध्ये पेरॉन सुमारे ६२ टक्के मतांनी निवडून आले, तोपर्यंत त्यांच्याच चळवळीतील डावे व उजवे गट परस्परांवर शस्त्रे रोखून उभे होते. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. त्यानंतरच्या दहशतीत हजारो नागरिक बेपत्ता झाले. चौकशी आयोगाने १९८४ मध्ये ८,९६१ प्रकरणांची नोंद केली, तर मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० मानतात. १९७७ मध्ये लष्करी राजवटीवर उघड पत्र लिहिणारे वॉल्श हेही त्यातच बळी पडले.

३० ऑक्टोबर १९८३ च्या निवडणुकीत रॅडिकल पक्षाचे राउल आल्फोन्सिन यांनी सुमारे ५२ टक्के मते मिळवली. बंदी नसलेल्या खुल्या निवडणुकीत पेरॉनवादी पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदासाठी पराभव होण्याची ही पहिलीच वेळ होती. आल्फोन्सिन आपल्या सभांतून संविधानाची प्रास्ताविका म्हणत असत. लोकशाहीने पोट भरते, शिक्षण व आरोग्य मिळते, असे ते सांगत. लष्कराने स्वतःलाच दिलेली माफी रद्द करण्याचे आश्वासन त्यांनी दिले, तर पेरॉनवादी उमेदवार इतालो लुदेर यांची भूमिका त्या माफीचे कायदेशीर परिणाम टिकतील अशी होती. आल्फोन्सिन यांनी पेरॉनवादी मतदाराची निंदा केली नाही, तर त्याच्यापुढे अधिक न्याय्य राज्याचा पर्याय ठेवला. १९८९ मध्ये आर्थिक अरिष्टामुळे मुदतीपूर्वी का होईना, त्यांनी निवडून आलेल्या पेरॉनवादी राष्ट्राध्यक्षाकडे सत्ता सोपवली. चार दशकांच्या या संघर्षात दोन्ही बाजूंनी परस्परांचा विजय स्वीकारण्याची प्रथा अखेर सुरू झाली.

निष्कर्ष

१. पेरॉन यांच्या राजवटीत न्यायालय, वृत्तपत्रे, विद्यापीठे व विरोधी पक्ष यांचे स्वातंत्र्य संकुचित झाले. त्यावरील टीका वस्तुनिष्ठ व आवश्यक होती. निवडणुकीतील बहुमताने ती निरर्थक ठरत नाही.

२. लोकानुनयी नेत्याला मिळणाऱ्या पाठिंब्यामागे वास्तव लाभ व आत्मसन्मानाची भावना असते. ती नाकारणारा विरोध मतदाराच्या दृष्टीने त्याच्याच विरुद्ध असतो.

३. परकीय हस्तक्षेप, लष्करी बंड आणि नावावरील बंदी या मार्गांनी नेत्याचा प्रभाव घटला नाही, उलट अठरा वर्षे टिकून राहिला.

४. संसदेतील ४४ जणांचा गट तत्काळ यशस्वी झाला नाही. तथापि हक्क आणि स्वातंत्र्य यांची सांगड घालण्याची त्याची भूमिका १९८३ च्या विजयात फळास आली.

ज्यांना लोकशाही वाचवावयाची आहे, त्यांना ती पराभवाच्या काळातही पाळावी लागते. साल्ता येथील दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांतील अंतर ओळखण्यास अर्जेंटिनातील विरोधकांना जवळजवळ तीन दशके लागली, आणि त्या विलंबाचे मोल एका संपूर्ण पिढीने चुकवले.